आवाज दिसतो तेव्हा नेमकं काय दिसतं?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरतो आहे. काळा पत्रा, त्यावर पांढरी वाळू, खाली स्पीकर. सूर चढत जातो तशी वाळू सैरावैरा धावते आणि एकाएकी रांगोळीसारखी नक्षी उमटते. खाली मजकूर असतो: 'हा ॐकाराचा आकार, यातूनच श्रीयंत्र जन्मलं, शास्त्रज्ञही थक्क!' शास्त्रज्ञ थक्क झाले होते हे खरं, पण ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि वेगळ्याच कारणाने. प्रयोग अस्सल आहे, मजकूर मात्र बनावट. वाळूने काढलेलं ते चित्र पत्र्याचं असतं. चौकोनी पत्र्याऐवजी गोल घेतला, किंवा मधला स्क्रू जरा सरकवला, की सूर तोच ठेवूनही नक्षी बदलते. कधी कधी उमटतच नाही.

आवाज डोळ्यांना दाखवण्याच्या युक्त्या गेल्या दोन-अडीचशे वर्षांत पुष्कळ निघाल्या, आणि त्यातल्या काही फार देखण्या आहेत. प्रत्येकीकडे बघताना एक प्रश्न विचारला की गोंधळ होत नाही: हे चित्र कुणाचं? पत्र्याचं, कातड्याचं, नळीचं, की खरोखर हवेचं?

आधी हवेत काय घडतं ते पाहू. खोलीतली हवा आपल्याला स्तब्ध वाटली तरी तिचे रेणू सरासरी सेकंदाला साडेचारशे मीटरहून जास्त वेगाने पळत असतात. फार लांब मात्र कुणी जात नाही. मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतकंही अंतर कापायच्या आत शेजाऱ्यावर आपटायचं आणि दिशा बदलायची, हेच अखंड चालू. आता स्पीकरचा पडदा पुढे आला. समोरचे रेणू दाटले, दाब जरासा वाढला, त्या दाटीने पुढच्यांना रेटलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. पडदा मागे गेला की त्याच जागी विरळ पट्टा तयार झाला, आणि तोही तसाच पुढे सरकला. स्टेशनात उभ्या असलेल्या मालगाडीचं इंजिन हलतं तेव्हा 'खड्‌खड्‌खड्‌' करत झटका एकेका डब्यातून मागे जातो. शेवटच्या डब्यापर्यंत झटका पोचतो, पण पहिला डबा काही तिथे जात नाही. हवेतही तसंच. पुस्तकी भाषेत दाट पट्ट्याला संपीडन आणि विरळ पट्ट्याला विरलन म्हणतात. बोलणाऱ्याच्या तोंडची हवा ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत जात नाही, आणि लसूण खाल्लेल्या माणसाशी बोलताना ही सोय फार मोलाची वाटते.

हा निरोप रेणूंच्या टकरींतूनच पुढे जाणार, म्हणजे रेणूंपेक्षा वेगाने तो जाऊच शकत नाही. आवाजाचा वेग रेणूंच्या सरासरी वेगाच्या साधारण पाऊणपट भरतो: शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, २० अंशाला ३४३, आणि मे महिन्यातल्या ३५ अंशांच्या दुपारी ३५२ च्या आसपास. हवा तापली की रेणू जोरात पळतात, म्हणून आवाजही. हवेच्या दाबाने या वेगात जवळजवळ काही फरक पडत नाही. महाबळेश्वरला आवाज कणभर सावकाश जातो तो थंडीमुळे, उंचीमुळे नव्हे.

हा वेग कागदावर काढायला न्यूटनसारखा माणूसही चुकला होता. त्याचं उत्तर प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्के कमी येत होतं. हवा दाबली जाताना तिचं तापमान तेच राहतं, असं त्याने धरलं होतं. पण सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या मारून बघा, पंप गरम होतो. आवाजातलं दाबणं-सुटणं इतकं भराभर चालतं की दाट पट्ट्यातली ही उष्णता बाहेर पळायला वेळच मिळत नाही. ती आतच राहते आणि हवेला जास्त ताठर करते. हा हिशोब फ्रेंच गणिती लाप्लासने १८१६ मध्ये मांडला आणि आकडे जुळले. म्हणजे आवाजाबरोबर दाटीचीच नव्हे, किंचित गरम-गार पट्ट्यांचीही लाट जात असते. हे पुढे उपयोगी पडणार आहे.

हे सगळं किती बारीक असतं, याचा मात्र अंदाज येत नाही. वातावरणाचा दाब साधारण १,०१,३२५ पास्कल. आपण नेहमीच्या आवाजात बोलतो तेव्हा त्यात जी खालीवर होते ती ०.०२ पास्कलच्या आसपास, म्हणजे पन्नास लाखांत एक. त्या आवाजाने हवेचा थर पुढेमागे हलतो तो मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास. आणि तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येईल अशा सुराला ही हालचाल हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शावर येते. कान हे कळवतो. डोळ्याला हे थेट दिसणं शक्यच नाही, म्हणून मध्यस्थ लागतो. आणि मध्यस्थ म्हटला की तो आपलंही थोडं घुसडतोच.

पहिला मध्यस्थ वाळू. अर्न्स्ट क्लाद्‌नी हा जर्मन गृहस्थ काचेच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर वाळू भुरभुरायचा आणि पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. १७८७ मध्ये त्याने या आकृत्यांचं पुस्तक काढलं. १८०९ मध्ये पॅरिसला नेपोलियनसमोर प्रयोग झाला. नेपोलियन खूश झाला आणि या आकृत्यांमागचं गणित मांडणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. १८१६ मध्ये ते सोफी जर्मेनने मिळवलं, तेही तिसऱ्या प्रयत्नात. पत्र्याचा काही भाग जोरात थरथरतो, काही रेषा जागच्या जागी राहतात. वाळू थरथरत्या भागावरून उडवली जाते आणि शांत रेषांवर येऊन साचते. त्या रेषा कुठे पडणार हे पत्र्याचा आकार, जाडी, धातू आणि तो कुठे पकडला आहे, यावर ठरतं. सुराचं काम एवढंच, की पत्र्याच्या ठरलेल्या नक्ष्यांपैकी कुठली जागी होणार ते निवडायचं.

याच प्रयोगात एक गंमत आहे, ती व्हिडिओवाले सहसा दाखवत नाहीत. वाळूऐवजी अगदी बारीक भुकटी टाकली की ती उलटीच वागते. शांत रेषा सोडून ती जास्तीत जास्त थरथरणाऱ्या जागी ढीग करून बसते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये याचा उलगडा केला. थरथरत्या पत्र्यालगत हवेचे बारीक झोत तयार होतात. वाळूच्या कणाला ते हलवू शकत नाहीत, पण भुकटीला वाहून नेतात. पत्रा बंद भांड्यात ठेवून त्यातली हवा काढून घेतल्यावर भुकटीही निमूटपणे वाळूसारखी वागू लागली. एकाच पत्र्यावर वाळू पत्र्याचं चित्र काढते आणि भुकटी त्यावरच्या हवेचं, हे मला सगळ्या रांगोळीपेक्षा जास्त मोहक वाटतं.

वाळूच्या युक्तीचा सगळ्यात सुरेख उपयोग आपल्याकडे झाला, तबला आणि मृदंगावर. साध्या, सारख्या जाडीच्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे वरचे सूर मूळ सुराशी जुळत नाहीत. दुसरं कंपन मूळच्या दुप्पट नसून १.५९ पट असतं, तिसरं २.१४ पट. म्हणून बहुतेक ढोलांतून 'धब्ब' निघतं, सूर निघत नाही. मग तबला सुरात कसा लागतो? सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये यावर लिहिलं आणि १९३४ मध्ये पुन्हा सविस्तर. पुडीवर, म्हणजे तबल्याच्या ताणलेल्या कातड्यावर, वाळू भुरभुरून, शांत रेषा कुठे पडतात ते पाहून त्यांनी एकेक कंपन वेगळं काढलं. पुडीवरच्या काळ्या गोल थराच्या, म्हणजे शाईच्या, वजनामुळे मधला भाग जड होतो, आणि ते जडपण अशा बेताने चढवलेलं असतं की वरची कंपनं सरकून मूळ सुराच्या जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट जागी येऊन बसतात. नऊ वेगवेगळी कंपनं मिळून पाच सुरांत सामावतात. तबला बनवणारे कारागीर शाईचे थर एकावर एक चढवत, घोटत, मध्येच वाजवून बघत हेच साधत आले होते. गणित मागाहून आलं.

तबल्यावर 'ना' हा बोल वाजवणाऱ्या हाताकडे नीट बघा. अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, पडते. टेकलेलं बोट तिथे शांत रेषा सक्तीने पाडतं. सगळी पुडी एकदम खालीवर होण्याचं मूळ कंपन त्यामुळे दबतं आणि पुडी दोन अर्ध्यांत, एक वर एक खाली, अशी हलते. त्या वेळी पुडीवर वाळू असती तर तिने मधून सरळ रेघ मारली असती. वादक ती रेघ बोटाने काढतो. पण हेही चित्र पुडीचंच आहे. हवेत काय गेलं, ते यात दिसत नाही.

हवेच्या जवळ जाणारी पहिली युक्ती जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कुंडटची, १८६६ सालची. आडव्या काचेच्या नळीत हलकी भुकटी पसरायची आणि एका टोकाला सूर लावायचा. नळीत पुढे जाणारी आणि बंद टोकावरून परतणारी लाट एकमेकींत मिसळून स्थिर तरंग तयार होतो आणि भुकटी ठरावीक अंतरावर ढिगाऱ्यांत गोळा होते. दोन लगतच्या ढिगांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी (तरंगलांबी म्हणजे लाटेतल्या एका दाट पट्ट्यापासून पुढच्या दाट पट्ट्यापर्यंतचं अंतर). सेकंदाला १००० कंपनांचा सूर असेल तर हे अंतर १७ सेंटिमीटरच्या आसपास येतं. त्याची दुप्पट करा, १००० ने गुणा, आवाजाचा वेग हातात. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे प्रॅक्टिकलच्या वहीत कंटाळत उतरवलेलं असतं. रुबेन्सची १९०५ ची नळी याच कल्पनेची नाट्यमय आवृत्ती: नळीला ओळीने भोकं, आत गॅस, वर ज्योती, आणि सुराबरोबर ज्योतींची नागमोडी रांग. दिसायला झकास, पण घरी करायच्या भानगडीत पडू नका. दोन्हींत हवा खरी आहे, पण नळीत कोंडलेली.

नागमोडीवरून एक गैरसमज आठवला. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करताना जी वरखाली होणारी रेघ दिसते, ती पाहून अनेकांना वाटतं की आवाज हवेतून तसाच सापासारखा वळवळत जातो. ती रेघ म्हणजे आलेख आहे: मायक्रोफोनपाशी, एकाच जागी, वेळेनुसार दाब किती वाढला-घटला याचा. असला आलेख पहिल्यांदा काढला एदुआर-लेओं स्कॉट द मार्तिनव्हिल या फ्रेंच माणसाने. १८५७ मध्ये त्याने पेटंट घेतलं. कर्ण्याच्या टोकाला पडदा, पडद्याला रानडुकराचा केस आणि फिरत्या नळकांड्यावर काजळी धरलेला कागद. आवाज लिहायचा एवढाच त्याचा इरादा. तो परत वाजवण्याची सोय त्याच्या यंत्रात नव्हतीच. २००८ मध्ये त्याचा १८६० चा एक कागद संगणकाने वाचून वाजवला गेला. आधी वाटलं, मुलगी गाते आहे. पुढच्या वर्षी लक्षात आलं की वेग दुप्पट धरला होता. योग्य वेगाने लावल्यावर एक पुरुष संथपणे गाताना ऐकू आला, बहुधा स्कॉट स्वतःच.

आता खऱ्या हवेकडे. नळी नाही, पत्रा नाही, उघड्या खोलीतून जाणारी लाट बघायची. इथे मध्यस्थ प्रकाश. हवा दाटली की तिच्यातून प्रकाश किंचित जास्त वळतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पलीकडचं दृश्य थरथरताना दिसतं, ते गरम-गार हवेतून प्रकाश वेडावाकडा वळल्यामुळेच. अडचण मात्रेची आहे. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाशाला किती वळवते ते सांगणारा आकडा, मुळात १.०००२९. ज्योतीवरच्या गरम हवेत शेवटच्या त्या २९ मधले निम्मे सहज गळतात. पण कान दुखायला लावणाऱ्या १२० डेसिबलच्या आवाजानेसुद्धा फरक पडतो तो दशांशचिन्हानंतर आठव्या स्थळी. ज्योतीपेक्षा हजारो पटींनी कमी.

हे पकडणारी मांडणी ऑगस्ट टेप्लर याने १८६४ च्या सुमारास सिद्ध केली, तिला श्लीरेन म्हणतात. लागतो एक चांगला अंतर्गोल आरसा, एक ठिपक्याएवढा दिवा आणि एक दाढीचं ब्लेड. दिवा आरशाच्या वक्रता केंद्रापाशी, म्हणजे नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर, ठेवायचा. तिथून निघालेला सगळा प्रकाश आरशावर पसरतो आणि परतताना दिव्याच्या शेजारीच पुन्हा एका ठिपक्यात गोळा होतो. त्या ठिपक्यात ब्लेडची धार सरकवत न्यायची, ठिपका निम्मा झाकला जाईपर्यंत. मागे कॅमेरा. आता कॅमेऱ्यात अख्खा आरसा एकसारखा करडा दिसतो, कारण त्याच्या प्रत्येक भागातून आलेल्या प्रकाशाचा निम्मा हिस्सा ब्लेडने खाल्लेला आहे. आरशासमोर कुठे हवा कमी-जास्त दाट झाली की तिथून जाणारे किरण केसभर वळतात. ब्लेडच्या बाजूला वळले तर ती जागा काळी पडते, विरुद्ध बाजूला वळले तर उजळते. उदबत्ती धरली तर तिची गरम हवा धुराच्याही आधी दिसू लागते. नुसता तळहात धरला तरी त्याच्यावरून चढणारी ऊब ओघळांसारखी दिसते, आणि ते पहिल्यांदा बघणारा माणूस हात परत परत आत घालून बघतोच.

टेप्लरने विजेची ठिणगी पाडून तिच्या कडाडण्याची लाट पाहिली. ती लाट एक मिलिमीटर सरकायला जेमतेम तीन मायक्रोसेकंद घेते. म्हणून पहिल्या ठिणगीने आवाज करायचा आणि नेमक्या क्षणभराने दुसरी ठिणगी पाडून तिच्या उजेडात तो बघायचा, अशी जोडी. लाट अडथळ्यावर आपटून परतताना दिसली. १८८६ मध्ये अर्न्स्ट माख आणि पेटर झाल्खर यांनी आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा फोटो घेतला. गोळीच्या पुढ्यात आणि मागे शंकूसारख्या तिरप्या रेषा. गोळी आवाजाच्या दुप्पट वेगाने जात असेल तर शंकूची प्रत्येक बाजू गोळीच्या मार्गाशी ३० अंशांचा कोन करते. फोटोवर कोनमापक ठेवून वेग मोजता येतो. २०१९ मध्ये नासाने आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या दोन स्वनातीत विमानांच्या अशा रेषा एकमेकींत मिसळतानाची छायाचित्रं प्रसिद्ध केली. तिथे एवढा मोठा आरसा कुठून आणणार? वरच्या विमानातून खालच्या वाळवंटाची पार्श्वभूमी टिपली आणि तिच्यातले सूक्ष्म सरकलेले ठिपके संगणकाने शोधून काढले.

हे चित्र तरी निखळ हवेचं ना? जवळजवळ. ब्लेडची धार उभी असेल तर किरण डावी-उजवीकडे वळलेलेच दिसतात, वर-खाली वळलेले नाहीत. म्हणून गोल पसरणारी लाट दोन बाजूंना ठळक आणि वर-खाली पुसट दिसते. शिवाय ही पद्धत दाट किती यापेक्षा दाटी किती चटकन बदलते ते दाखवते. तीक्ष्ण कडा असलेल्या लाटा, म्हणजे टाळी, फटाका, चाबकाचा फटकारा, स्वच्छ उमटतात. तसाच ४०,००० कंपनांचा अश्राव्य आवाजही. त्याची तरंगलांबी साडेआठ मिलिमीटर. समोरासमोर ठेवलेल्या अशा स्पीकरांमध्ये थर्माकोलचे मणी अधांतरी राहतात, आणि दिवा त्याच तालावर लुकलुकत ठेवला तर ज्या पट्ट्यांनी ते तोलून धरलेत ते पट्टेही दिसतात. उलट, भारदस्त आवाजात कुणी ॐकार लावला तर त्याचा मूळ सूर सेकंदाला १०० ते १५० कंपनांचा, म्हणजे एक दाट पट्टा आणि पुढचा दाट पट्टा यांत दोन-तीन मीटरचं अंतर. तो कुठल्याही घरगुती आरशात मावणार नाही, आणि मावला तरी इतका सौम्य चढउतार ब्लेडला जाणवणार नाही. प्रत्यक्षात तो तोंडापासून फुगत जाणाऱ्या कवचांसारखा असतो, आणि त्यावर वरच्या सुरांची दाटीवाटी. त्रिकोण नाहीत, पाकळ्या नाहीत.

द्रवात मात्र काम सोपं होतं. १९३५-३६ मध्ये रामन आणि नागेंद्र नाथ यांनी गणित मांडलं की अश्राव्य ध्वनीने थरथरणाऱ्या द्रवातून प्रकाश गेला की दाट-विरळ पट्टे त्याच्यासाठी जाळीचं काम करतात आणि पलीकडे एकाऐवजी ठिपक्यांची ओळ पडते. ठिपक्यांमधल्या अंतरावरून द्रवातला आवाजाचा वेग निघतो. रामन परिणामाच्या प्रसिद्धीपुढे हे काम झाकलं गेलं, याची मला थोडी चुटपुट वाटते.

हवेतली लाट स्वतः बघायची असेल तर ओळखीतल्या दुर्बीण बनवणाऱ्याला गाठा. हौशी मंडळी दुर्बिणीचा आरसा घासताना त्याचा आकार तपासण्यासाठी फूकोची सुरीधार चाचणी करतात, ती हीच मांडणी. सहा इंची, सुमारे १२० सेंटिमीटर नाभीय अंतराचा आरसा असेल तर दिवा आणि ब्लेड २४० सेंटिमीटरवर लागतील. मेणबत्ती आणि लायटरचा गॅस पहिल्याच संध्याकाळी दिसेल. फुग्याचा फटका पकडणं मात्र वेगळं प्रकरण आहे. मोबाइलच्या सेकंदाला २४० फ्रेमवाल्या स्लो-मोशनमध्ये दोन फ्रेमच्या दरम्यान आवाज १.४ मीटर निघून गेलेला असतो, म्हणजे आरसा ओलांडून पार. १/८००० सेकंदाच्या शटरलाही ती लाट चार सेंटिमीटर फराटते. त्यापेक्षा खोलीत अंधार करायचा, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं आणि दिव्याच्या जागी एक-दोन मायक्रोसेकंद चमकणारा एलईडी लावायचा. तो पेटवायचं काम मायक्रोफोनवर सोपवायचं. मायक्रोफोन फुग्यापासून सहा सेंटिमीटरवर असेल तर आवाज त्याच्यापर्यंत पोचेल तेव्हाच चमक पडेल, आणि फोटोत लाट तेवढीच फुगलेली सापडेल. मायक्रोफोन एक सेंटिमीटर मागे घेतला, की पुढच्या फोटोत ती तेवढीच मोठी.